जुनी रेसिंग सर्किटे सिम्युलेटरमध्ये पुन्हा उभी करायची, तर आधी कोणते आणि कोणत्या वर्षाचे?

घाटवळण (प्रश्नकर्ता)

नमस्कार. आम्ही पुण्यातले काही मित्र असेटो कोर्सा या मोटरशर्यतीच्या सिम्युलेटरसाठी हौसेने सर्किटे तयार करतो. आजवरची आमची बहुतेक कामे काल्पनिक घाटरस्त्यांची होती. आता मात्र प्रत्यक्ष अस्तित्वात असलेले आणि आज ज्यावर शर्यत होणे शक्य नाही असे एखादे जुने सर्किट नीट अभ्यास करून उभे करावे, असे सर्वांच्या मनात आहे. नोकऱ्या सांभाळून हे काम व्हायचे असल्याने पुढच्या वर्षभरात एकच सर्किट हातून पुरे होईल. म्हणून सुरुवात करण्यापूर्वी येथील जाणकारांचे मत घ्यावेसे वाटले.

आकाराने फार मोठी सर्किटे आम्ही प्रथमच बाजूला ठेवली. पेस्काराचा मार्ग जवळजवळ २६ किलोमीटरचा आहे. १९५७ साली तेथे झालेली एकमेव जागतिक अजिंक्यपदाची शर्यत स्टर्लिंग मॉसने व्हॅनवॉल गाडीत जिंकली होती आणि त्या शर्यतीचे आकर्षण आम्हालाही आहे. पण समुद्रकिनारा, डोंगरातली गावे आणि त्यांतली प्रत्येक भिंत उभी करणे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे. सिसिलीतल्या टार्गा फ्लोरिओचा ७२ किलोमीटरचा मार्ग तर त्याहून अवघड. नुर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लायफेच्या इतक्या आवृत्त्या उपलब्ध आहेत की त्यात आमची भर पडण्याचे कारण दिसत नाही.

शेवटी तीन नावे उरली आहेत. पहिले बेल्जियममधले जुने स्पा-फ्रँकोरशाँ, म्हणजे फ्रँकोरशाँ, मालमेडी आणि स्टाव्हलो या गावांना जोडणारा सुमारे १४ किलोमीटरचा त्रिकोण. दुसरे फ्रान्समधले रुआँ-ले-झेसार. तिसरे स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरालगतचे ब्रेमगार्टन. यांतल्या ब्रेमगार्टनकडे माझा स्वतःचा ओढा अधिक आहे. ७.२८ किलोमीटरच्या त्या जंगलातल्या रस्त्यावर सरळ म्हणावा असा तुकडाच जवळजवळ नव्हता. एक वळण संपते न संपते तोच दुसरे सुरू होई, आणि झाडांच्या दाट छायेमुळे पावसानंतर रस्ता बराच वेळ ओला राही. १९५५ च्या ल माँ दुर्घटनेनंतर स्वित्झर्लंडने सर्किटवरच्या शर्यती बंद केल्या आणि हे सर्किट इतिहासजमा झाले.

प्रश्न दोन आहेत. निवड करताना कोणती कसोटी लावावी? आणि सर्किट ठरल्यावर त्याचे नेमके कोणते वर्ष धरावे? कारण एकाच सर्किटाची दहा वर्षांच्या अंतराची दोन रूपे पाहिली, तर कधी कधी ती दोन वेगळी ठिकाणे वाटतात.

पावसाळी टायर

आपला दुसरा प्रश्न पहिल्याहून महत्त्वाचा आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. नकाशावरची रेषा म्हणजे सर्किट नव्हे. जुन्या सर्किटाचा खरा स्वभाव रस्त्याच्या कडांमध्ये असतो. डांबर कोठे संपते, त्यापुढे गवत आहे की चर, मातीचा बांध आहे की घराची भिंत, झाडाचे खोड चाकापासून किती अंतरावर आहे, यावर चालक किती धाडस करायचे ते ठरवत असे. आजच्या सर्किटांवर कडेला रंगीत कर्ब असतात आणि त्यांच्यापलीकडे डांबरी मोकळी जागा असते; चूक झाली तर काही सेकंद जातात, एवढेच. जुन्या सर्किटाची आकृती अचूक घेतली आणि कडा मात्र आजच्यासारख्या ठेवल्या, तर त्या मेहनतीचा उपयोग नाही. या कडा दरवर्षी बदलत असल्यामुळे आधी वर्ष ठरले पाहिजे.

या कसोटीवर माझे मत रुआँला आहे आणि वर्ष १९५७.

रुआँच्या दक्षिणेकडच्या जंगलातल्या सार्वजनिक रस्त्यांवर हे सर्किट १९५० साली सुरू झाले. १९५५ मध्ये त्याची लांबी वाढवून ती ६.५४ किलोमीटर करण्यात आली, आणि याच रूपात तेथे १९५७, १९६२, १९६४ आणि १९६८ या वर्षांच्या फ्रेंच ग्राँप्री झाल्या. त्याआधीची १९५२ ची शर्यत अस्कारीने लहान मार्गावर जिंकली होती. पुढे मोटरवेच्या बांधकामामुळे मार्ग पुन्हा आखडला, १९९४ मध्ये शर्यती थांबल्या आणि १९९९ मध्ये पिट (शर्यतीत गाड्या थांबवून दुरुस्त करण्याची जागा) व प्रेक्षकसज्जे पाडून टाकण्यात आले. रस्ता आजही वाहतुकीचा आहे. पण तेथे एके काळी शर्यत होत असे, हे अनोळखी माणसाच्या लक्षातही येणार नाही.

आता सर्किटाचा तो भाग, ज्यासाठी मी एवढा आग्रह धरतो आहे. पिट ओलांडताच रस्ता जंगलात उतरू लागतो. हा उतार सरळ नाही. उजवे, डावे, पुन्हा उजवे अशी मोठ्या त्रिज्येची वळणे एकापाठोपाठ एक येतात आणि त्यांतले प्रत्येक वळण शक्य तितक्या वेगाने, ब्रेकला शक्यतो न शिवता घ्यायचे असते. अगदी तळाशी नुव्हो माँद नावाचे उजवे हेअरपिन (जवळजवळ उलट फिरवणारे) वळण आहे, आणि शर्यतींच्या काळात तेथे डांबर नसून दगडी फरसबंदी होती. म्हणजे सर्किटावरच्या सर्वाधिक वेगाच्या भागातून चालक थेट सर्वांत मंद वळणावर येतो. तेही उतारावर, पुढच्या चाकांवर सारा भार आलेला असताना, आणि पकड अचानक बदलणाऱ्या पृष्ठभागावर. ब्रेक डांबरावर लावायचा आणि वळायचे दगडांवर. तेथून रस्ता लगेच वर चढू लागतो, त्यामुळे हेअरपिनमधून बाहेर पडताना मागची चाके दगडांवर फिरत राहिली, तर झालेला तोटा सान्सों आणि बोव्हाल या पुढच्या वळणांपर्यंतच्या संपूर्ण चढावर भोगावा लागतो.

सिम्युलेटरच्या दृष्टीने एका किलोमीटरभरात इतक्या गोष्टी मागणारे दुसरे ठिकाण मला तरी ठाऊक नाही.

१९५७ च का, याचे कारण गाडीत आहे. त्या वर्षी हुआन मॅन्युएल फांजिओने माझराटी २५०एफ चालवून ७७ फेऱ्यांची ती शर्यत जिंकली. त्या उतारावरची त्याची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत: गाडीचे नाक वळणाच्या आत, चारही चाके घसरत असलेली आणि पुढची चाके वळणाच्या उलट दिशेला किंचित वळवलेली. इंजिन पुढे असलेली, अरुंद टायरांची आणि पंख नसलेली ती गाडी स्टिअरिंगइतकीच अ‍ॅक्सिलरेटरने वळवली जात असे. ही गाडी आपल्या सिम्युलेटरमध्ये अधिकृतपणे उपलब्ध आहे, म्हणजे गाडी तयार करण्याचे वेगळे काम आपल्यावर पडत नाही. शिवाय १९५७ साली त्या रस्त्याच्या कडेला लोखंडी कठडे नव्हते.

१९६२ चाही विचार करण्यासारखा आहे. डॅन गर्नीने तेथे पोर्शेला फॉर्म्युला वनमधला निर्माता म्हणून मिळालेला एकमेव विजय मिळवून दिला, आणि १९६४ मध्ये त्यानेच तेथे ब्रॅबहॅम संघाला जागतिक अजिंक्यपदातला पहिला विजय मिळवून दिला. पण दीड लिटरच्या त्या हलक्या गाड्यांचे स्वरूप वेगळे आहे. १९६८ च्या आसपासचे रुआँ मात्र पुन्हा करू नये. १९९८ साली आलेल्या ग्राँप्री लेजंड्स या सिम्युलेटरने १९६७ चा हंगाम उभा करताना, त्या वर्षीची फ्रेंच ग्राँप्री प्रत्यक्षात ल माँच्या बुगाती सर्किटावर झालेली असूनही, तिच्या जागी रुआँ घेतले होते. तेव्हापासून साठच्या दशकातल्या शेवटच्या वर्षांचे रुआँ अनेकांनी अनेक वेळा बनवले आहे.

कोलोनकर

वरचे विवेचन मनापासून पटले, पण त्याच कसोटीवर मला निष्कर्ष वेगळा दिसतो. कडा हेच सर्किटाचे सत्व असेल, तर जुन्या स्पाइतके ते दुसरीकडे कोठेही उघडपणे दिसत नाही.

नोकरीनिमित्त मी कोलोनला राहतो आणि सवड मिळाली की बेल्जियमच्या त्या भागात जातो. मालमेडी ते स्टाव्हलो हा जुन्या सर्किटाचा भाग आजही नेहमीचा हमरस्ता आहे. दोन लांब सरळ पट्ट्यांच्या मध्ये मास्ता नावाची वस्ती लागते आणि तेथे रस्ता आधी डावीकडे व लगेच उजवीकडे किंचित वळतो. आजच्या वेगमर्यादेत हे वळण जाणवतही नाही. पण दोन्ही बाजूंची घरे रस्त्याला इतकी लगटून आहेत की येथून ताशी २५० किलोमीटरहून अधिक वेगाने जाणाऱ्या चालकाला काय दिसत असेल, हे तेथे उभे राहिल्यावर कळते. उजवे वळण त्याला आधी दिसतच नसे. घराचा कोपरा त्याच्या आड येई. म्हणजे गाडी दिसणाऱ्या रस्त्याकडे बघून नव्हे, तर आठवणीतल्या रस्त्यावर वळवायची.

१९६६ च्या बेल्जियन ग्राँप्रीत पहिल्याच फेरीत सर्किटाच्या दूरच्या भागात पाऊस सुरू झाला आणि बऱ्याच गाड्या एकदम बाहेर फेकल्या गेल्या. जॅकी स्टुअर्टची बीआरएम गाडी रस्ता सोडून आदळली आणि तो पेट्रोल गळत असलेल्या गाडीत अडकून पडला. ग्रॅहम हिल आणि बॉब बॉन्ड्युरँट या दोन चालकांनी पाना मिळवून स्टिअरिंग काढले, तेव्हा कोठे तो बाहेर येऊ शकला. शर्यतींच्या सुरक्षिततेसाठी पुढे त्याने जी चळवळ उभारली, तिच्यामागे हा अनुभव होता. १९६९ ची शर्यत सुरक्षेच्या मागण्यांमुळे झालीच नाही, आणि १९७० ची शर्यत या मार्गावरची शेवटची फॉर्म्युला वन शर्यत ठरली. त्या शर्यतीत पेद्रो रॉड्रिगेझ जिंकला आणि ख्रिस एमनने सर्वांत जलद फेरी ताशी सुमारे २४४ किलोमीटरच्या सरासरीने पूर्ण केली. मोकळ्या गावरस्त्यावर ही सरासरी होती, हे लक्षात घ्यावे.

माझी सूचना अशी की स्पा करावे आणि वर्ष १९६६ किंवा त्याआधीचे धरावे. १९७० चे स्पा ऑटोमोबिलिस्टा २ या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये आहे, परंतु तोवर बऱ्याच ठिकाणी लोखंडी कठडे आले होते. कठड्यांच्या आधीचे, शेताचे कुंपण आणि घराचे जोते थेट रस्त्याला भिडलेले स्पा हे निराळे सर्किट आहे. त्यात हवामानाचीही सोय करावी, कारण १४ किलोमीटरच्या त्या दरीत एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस ही परिस्थिती तेथे नेहमीची आहे.

उतरता गिअर

मुद्दा थोडक्यात मांडतो. तिन्ही नावे चांगली आहेत; पण ज्याच्या पृष्ठभागाचे आज मोजमाप घेता येते, तेच आधी करावे, असे मला वाटते. इटलीतल्या मोन्झाचे उंच काँक्रीटचे बँकिंग (वळणावरचा तिरपा उचललेला रस्ता) १९५५ मध्ये बांधले गेले आणि ते आजही उभे आहे. १९५६ च्या इटालियन ग्राँप्रीत त्या खडबडीत काँक्रीटने टायरांची दैना केली होती, आणि १९६१ नंतर फॉर्म्युला वन तेथे परत गेले नाही. असेटो कोर्सामध्ये १९६६ चे मोन्झा बँकिंगसह आहेच, पण १९५७ आणि १९५८ मध्ये इंडियानापोलिसच्या अमेरिकन गाड्या फक्त त्या लंबवर्तुळावर धावल्या होत्या, त्या शर्यतींचे सर्किट आणि वातावरण कोणी मन लावून उभे केले तर ते मला हवे आहे. बर्लिनचे आव्हुस मात्र सुचवणार नाही. दोन समांतर सरळ रस्ते आणि एका टोकाला विटांचे बँकिंग, एवढ्यावर फार काळ मन रमत नाही.

घाटवळण (प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. कडांचा मुद्दा वाचून आमच्या यादीकडे बघण्याची दृष्टीच बदलली. मोन्झाची सूचना नोंदवून ठेवली आहे, पण जे आज प्रत्यक्ष जाऊन पाहता येते त्यापेक्षा जे हरवले आहे ते आधी करावे, असे आमचे मत आहे.

यातून एक तांत्रिक अडचण पुढे येते. आजची सर्किटे लेझर स्कॅन करून मिलिमीटरच्या अचूकतेने घेतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या रस्त्याचा चढउतार आणि खडबडीतपणा कोठून आणायचा? आणि नुव्हो माँदची दगडी फरसबंदी सिम्युलेटरमध्ये कशी करावी? दगडांचे चित्र चिकटवून चालणार नाही, हे उघड आहे.

भूमापक

माझे रोजचे काम सर्वेक्षणाचे आहे, म्हणून या भागाविषयी थोडे सविस्तर लिहितो.

जुन्या रस्त्याची माहिती तीन थरांत मिळते आणि प्रत्येक थराची विश्वासार्हता वेगळी असते. पहिला थर जमिनीच्या उंचसखलपणाचा. युरोपातल्या अनेक देशांनी विमानातून केलेल्या लायडार (लेझर किरणांनी उंची मोजण्याची पद्धत) मोजणीची माहिती सर्वांसाठी खुली केली आहे. फ्रान्स आणि बेल्जियमचा वॉलोनिया प्रांत त्यांत आहेत. झाडांच्या पानांतून जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या किरणांमुळे जंगलातल्या रस्त्याचाही उतार मिळतो. डोंगर पन्नास वर्षांत हलत नाही, त्यामुळे हा थर भरवशाचा मानावा. अपवाद फक्त जेथे मोटरवे आला, भराव घातला गेला किंवा चौक बदलला, त्या जागांचा. ब्रेमगार्टनबाबत माझी चिंता हीच आहे: त्याच्या एका भागातून मोटरवे गेलेला आहे आणि तेथली मूळ पातळी छायाचित्रांवरून अंदाजानेच काढावी लागेल.

दुसरा थर रस्त्याच्या रुंदीचा आणि कडांचा. यासाठी त्या काळची हवाई छायाचित्रे सर्वांत उपयोगी. फ्रान्सच्या राष्ट्रीय भूगोल संस्थेने विसाव्या शतकाच्या मध्यातली अशी छायाचित्रे संकेतस्थळावर उपलब्ध करून दिली आहेत. आजचे छायाचित्र आणि जुने छायाचित्र एकमेकांवर ठेवून न बदललेल्या खुणा जुळवाव्यात: घराचे कोपरे, शेताच्या हद्दी, पूल. एकदा ती जुळणी झाली की रस्त्याची तेव्हाची रुंदी बऱ्यापैकी मोजता येते. जमिनीवरून घेतलेल्या छायाचित्रांत गाडीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) ठाऊक असेल, तर तीच मोजपट्टी म्हणून वापरता येते. रुंदीच्या बाबतीत अगदी काटेकोर राहावे, असा माझा आग्रह आहे. हौशी आवृत्त्यांमधला नेहमीचा दोष म्हणजे रस्ता दीड-दोन मीटर अधिक रुंद झालेला असतो. त्यामुळे गाडी चालवणे सोपे होते आणि सर्किटाचा सारा दरारा निघून जातो.

तिसरा थर पृष्ठभागाच्या बारीक खडबडीतपणाचा, आणि तो कोठेच नोंदलेला नाही. आजच्या रस्त्यावर नवे डांबर आहे, त्यामुळे लायडार येथे काही सांगू शकत नाही. जुन्या चित्रफितींत गाडी कोठे उसळते, चाक कोठे जमिनीपासून सुटते आणि चालकाचे डोके कोठे हलते, ते चौकट-चौकट पाहून मोठे उंचवटे टिपता येतात. बाकीचा भाग तर्काने भरावा लागतो आणि तसे सोबतच्या माहितीपत्रात स्पष्ट लिहावे. कोणता भाग मोजलेला आणि कोणता अनुमानित, हे वापरणाऱ्याला कळणे हा त्याचा हक्क आहे.

आता फरसबंदी. असेटो कोर्सामध्ये दिसणारा पृष्ठभाग आणि गाडीला जाणवणारा पृष्ठभाग वेगवेगळे ठेवता येतात, हे आपल्याला ठाऊक असेलच. तळहाताएवढा एकेक दगड भौतिक पृष्ठभागात वेगळा उभा करण्याचा मोह टाळावा. सिम्युलेटरमध्ये टायर आणि रस्ता यांचा स्पर्श मोजक्याच बिंदूंवर मोजला जात असेल, तर तो बिंदू प्रत्येक फटीत पडतो आणि गाडी अवास्तव थरथरते. खरा टायर मात्र अनेक दगडांवर एकाच वेळी टेकतो आणि लहान फटी गिळून टाकतो. म्हणून पृष्ठभागाच्या फाइलमध्ये फरसबंदीसाठी वेगळा प्रकार करून त्याची पकड डांबरापेक्षा कमी ठेवावी, बारीक थरथर तेथल्याच तरंगाच्या उंची आणि लांबीच्या मूल्यांनी आणावी, आणि भौतिक पृष्ठभागात फक्त मोठे चढउतार ठेवावेत: वर्षानुवर्षांच्या वाहतुकीने पडलेले चाकोरीचे खळगे, मध्येच खचलेला भाग, डांबर आणि दगड यांच्या सांध्यावरची लहानशी पायरी. यांतला सांधा सर्वांत महत्त्वाचा आहे. ब्रेक लावलेल्या चाकाला तो नेमका कोठे लागतो, यावर ते वळण जमते की बिघडते हे ठरेल.

१०८९ सीसी

चर्चा युरोपातल्या सर्किटांची आहे याची जाणीव ठेवूनही एक नाव येथे नोंदवावेसे वाटते, कारण आपण नोंदवले नाही तर दुसरे कोणी ते करणार नाही. मद्रासजवळचे शोलावरम.

दुसऱ्या महायुद्धातल्या या धावपट्टीवर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने अनेक दशके शर्यती भरवल्या. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबने पुढे इरुंगट्टुकोट्टईला स्वतंत्र सर्किट बांधेपर्यंत भारतातल्या मोटर शर्यतींचे मुख्य ठिकाण शोलावरमच होते. तेथे परदेशी बनावटीच्या एकआसनी गाड्या धावत, तशाच इंजिनात फेरफार केलेल्या फियाट ११०० ही धावत. आपल्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली, पुढे पद्मिनी म्हणून घराघरांत पोहोचलेली आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप घेतलेली हीच गाडी. १०८९ सीसीचे ते इंजिन आणि स्टिअरिंग कॉलमवरचा गिअर घेऊन उघड्या काँक्रीटवर शर्यत करणे ही स्वतंत्र विद्या होती, आणि ती अनुभवण्याचे साधन आज कोणत्याही सिम्युलेटरमध्ये माझ्या पाहण्यात नाही.

येथे कडांच्या मुद्द्याला मात्र वेगळे वळण मिळते. धावपट्टीवर कडा नसतात. रस्ता इतका रुंद असतो की सर्किट कोठे आहे हे आयोजकांना खुणा मांडून सांगावे लागते. इंग्लंडचे सिल्व्हरस्टोनही १९४८ मध्ये असेच सुरू झाले. त्या पहिल्या शर्यतीत गाड्या दोन बाजूंनी धावपट्ट्यांवरून मध्याकडे येत, आणि समोरून येणारी गाडी पाहून चालक बिचकू नयेत म्हणून मध्ये कापडी पडदे उभारले होते. अशा सर्किटावर झाड किंवा भिंत घाबरवत नाही. ब्रेक कोठे लावायचा हे दाखवणारी खूणच नसते, हीच तेथली परीक्षा. सपाट क्षितिजावर अंतराचा अंदाज घेणे ही कला जंगलातल्या सर्किटाइतकीच अवघड आहे, असे माझे मत आहे.

काम म्हणूनही हे सोपे पडेल. चढउतार नाही, झाडी विरळ आणि इमारती नगण्य. अडचण आहे ती छायाचित्रांची. ती सरकारी संग्रहात नसून चेन्नई, बंगळूर, कोइम्बतूर, कोलकाता आणि मुंबईतल्या जुन्या शर्यतशौकिनांच्या घरी अल्बमांत आहेत, आणि ती पिढी आता वयाने थकली आहे. रुआँची छायाचित्रे दहा वर्षांनीही सापडतील. ही सापडतीलच असे नाही. आपल्याला सर्किट आत्ता करायचे नसले, तरी चित्रे जमवण्याचे काम आत्ताच सुरू करावे, अशी कळकळीची विनंती आहे.

पावसाळी टायर

कोलोनकर यांच्या स्पाविषयीच्या मुद्द्याला माझा विरोध नाही. १९६६ चे स्पा व्हायलाच हवे; पण १४ किलोमीटर आणि वाटेतल्या सर्व वस्त्या हे एका वर्षाचे काम नव्हे, आणि घाईने केलेल्या मास्ताला अर्थ नाही. त्या जागी घराचा कोपरा अर्धा मीटर मागे सरकला, तरी पुढचे वळण आधी दिसू लागेल आणि तेथली सारी कसोटीच नाहीशी होईल.

रुआँ घेणार असाल, तर आणखी एक गोष्ट सांगायची आहे. त्या उतारावर माणसे गेली आहेत. १९६८ च्या ग्राँप्रीत जो श्लेसर त्याच्या एअरकूल्ड होंडा गाडीत, सुरुवातीच्या फेऱ्यांमध्येच, आगीत मरण पावला. गाडीच्या बांधणीत मॅग्नेशियम असल्याने ती आग विझवणे अतिशय कठीण झाले. पुढे १९७० मधल्या फॉर्म्युला थ्रीच्या आणि १९७३ मधल्या फॉर्म्युला टूच्या वेळीही त्या सर्किटावर चालकांचे जीव गेले. काही मॉडमध्ये (हौशी लोकांनी सिम्युलेटरसाठी केलेल्या आवृत्त्यांमध्ये) अपघाताच्या जागा प्रेक्षणीय स्थळासारख्या दाखवलेल्या मी पाहिल्या आहेत. तसे करू नये. माहितीपत्रात नावे आणि वर्षे आदराने द्यावीत आणि सर्किटावर ती जागा इतर कोणत्याही जागेसारखीच ठेवावी. उतार किती अवघड होता, हे गाडी चालवणाऱ्याला रस्त्यावरूनच कळायला हवे.

घाटवळण (प्रश्नकर्ता)

मित्रांशी सविस्तर बोलणे झाले. ब्रेमगार्टनचा मोह सोडणे मला सोपे गेले नाही. १९५१ च्या पावसात अल्फा रोमिओ घेऊन जिंकणारा फांजिओ आणि त्याच शर्यतीत जागतिक अजिंक्यपदात पदार्पण करणारा तरुण मॉस यांचे चित्र बरीच वर्षे डोक्यात घर करून आहे. परंतु मोटरवेखाली गेलेल्या भागाची पातळी अंदाजाने भरायची ही गोष्ट कोणालाच रुचली नाही. रुआँ, १९५७, हे आता ठरले आहे.

कामाचा क्रम आम्ही असा लावला आहे. प्रथम फ्रान्सची लायडारची माहिती आणि १९५० च्या दशकातली हवाई छायाचित्रे जुळवून पिट ते नुव्हो माँद एवढाच उतार तयार करायचा. त्यावर झाडे, प्रेक्षक किंवा सज्जे काहीही न ठेवता फक्त रस्ता, कडा आणि मातीचे बांध ठेवून २५०एफ चालवून पाहायची. उतार मनासारखा जमेपर्यंत चढाच्या बाजूला हात लावायचा नाही. रस्त्याची रुंदी जेथे मोजता येणार नाही, तेथे ती अरुंदच धरू. भूमापक यांनी सांगितलेल्या डांबर आणि दगडांच्या सांध्यासाठी त्या वळणाची जवळून घेतलेली छायाचित्रे हवी आहेत. कोणाकडे जुन्या फ्रेंच मोटर-मासिकांचे १९५७ च्या जुलै-ऑगस्टचे अंक असतील, तर कृपया कळवावे.

शोलावरमविषयी आमच्यातल्या एकाने जबाबदारी घेतली आहे. त्याचे काका सत्तरच्या दशकात मुंबईहून तेथे शर्यती पाहायला जात असत आणि त्यांच्याकडे काही छायाचित्रे आहेत. ती येत्या आठवड्यात स्कॅन करून याच धाग्यावर ठेवू. त्यांत धावपट्टीवरच्या खुणा कशा मांडल्या होत्या हे दिसत असेल, तर ‘१०८९ सीसी’ यांनी त्या ओळखून सांगाव्यात.